अठ्ठेचाळीस आकडे

रविवार, तारीख सतरा. दुपार.

सूनबाईस,

आशीर्वाद. पहिल्या ओळीत आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायचं असतं, ते लिहिलं असं समज आणि पुढे वाच. मजेत कोणी नाही.

काल सगळ्यांत आधी दारात उभा राहिला तो लॅपटॉपवाला. नऊसुद्धा वाजले नव्हते. मी भांडी घासत होते, हात फेसाने भरलेले, आणि हा दारातूनच, "आजी, माझा तो बारका स्क्रूड्रायव्हर इथे राहिला का हो?" मी फेसाचं बोट ओठावर ठेवलं, म्हटलं, हळू बोला. तर आणखी मोठ्याने, "का? कोणी आजारी आहे का?" काही माणसांना आवाज मापून मिळालेलाच नसतो. त्याचा स्क्रूड्रायव्हर आपल्या घरात कसा राहिला ते पुढे लिहीन, आठवलं तर.

त्याला कटवणार एवढ्यात मागून लॅबच्या बाई आल्या. तुझ्या लेकीच्या कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतात त्या. उंच, केस बारीक कापलेले, आणि बोलणं असं की आपण पुन्हा शाळेत गेलो असं वाटावं. मी चौथीतच शाळा सोडली, त्यामुळे मला परत जायला फार लांब पडत नाही. पायपुसण्यावर पाय घासून त्या म्हणाल्या, "पेशंट कुठे आहे?" लॅपटॉपवाला म्हणाला, "मी म्हटलंच, कोणीतरी आजारी आहे." मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती.

हे दोघं एकदम का आले ते कळायचं तर मागच्या सोमवारपासून सांगायला हवं. फोनवर मला हे जमणार नाही. महिन्यातून एकदा तू फोन करतेस, "सगळं ठीक ना?" मी म्हणते, "ठीक." मग तू म्हणतेस, "बरं, ठेवते." त्यात एवढं कसं मावणार? म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

तू जाताना भिंगरीला दिलेला तो करडा लॅपटॉप. (एकविसावं संपत आलं, तरी मी तुझ्या लेकीला भिंगरीच म्हणते. तिला आवडत नाही.) त्याची बॅटरी गेल्या वर्षीच मेली. आता तो भिंतीतल्या बटणावर जगतो. बटण वर तर हा जिवंत, बटण खाली तर मेला. हे लक्षात ठेव.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या कामाला विंडोज पुरत नाही म्हणे, लिनक्स लागतं. पण जुनं सगळं विंडोजात. म्हणून एकाच मशीनमध्ये दोघांना बसवायचं. सुरू केलं की तो विचारणार, आज कोणाकडे जायचं? मी म्हटलं, "म्हणजे एका घरात दोन सुना." ती म्हणाली, "आजी, तुला एक तरी..." आणि थांबली. मग पुन्हा खटखट सुरू.

आत जी डिस्क असते ती म्हणजे कपाट, असं तिनेच मला समजावलं. त्यातला रिकामा भाग कापून नव्याच्या नावावर करायचा. त्याला पार्टिशन म्हणतात. मी म्हटलं, सरळ वाटणी म्हण की. वाटणीचं नाव काढलं की आपल्या घराण्यात कोणाचं भलं झालंय ते मला दाखव! पण ऐकते कोण?

सोमवारी दिवसभर हीच वाटणी. दीडशे जीबी जागा मोकळी दिसत होती, कापायला गेलं तर म्हणे नऊच देतो. का, तर मधोमध एक फाईल बसलीय आणि ती हलत नाही. मी म्हटलं, तुझ्या आजोबांसारखी. ते असेच खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचे, केर काढायला गेलं की पाय वर घ्यायचे, खुर्ची नाही हलवायचे. ती हसली. सोमवारी अजून हसत होती. एकेक सोय बंद करत गेली, तेव्हा कुठे संध्याकाळी साठ सुटले.

मंगळवारी पेन ड्राइव्ह लावला, तर लॅपटॉप त्याला ओळखच दाखवेना. मशीन सुरू होताना एक बटण दाबत राहावं लागतं, क्षणभर उशीर झाला की संधी गेली, परत पहिल्यापासून. कोणतं बटण ते नक्की माहीत नाही. मग तिने एफ-दोन धरलं आणि मी एफ-बारा. सतरा वेळा केलं गं आम्ही. अठराव्या वेळी निळं पान आलं आणि ती एवढ्या जोरात ओरडली की माझं बटणावरचं बोट निसटलं. आत सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी असतो, तो अनोळखी कोणाला आत घेत नाही. तिने त्याला रजेवर पाठवलं. मला फार मजा वाटत होती, खोटं का बोलू? कोणी मला इतकं जवळ बसवून काही शिकवलं नव्हतं कधी.

बुधवारी दुपारी लिनक्स बसायला लागलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. ती म्हणाली, "आजी, मी अंघोळ करून येते. याला हात लावायचा नाही." मी हात लावला नाही. कोणाचीही शपथ घालून विचार. मी फक्त खोलीतून बाहेर पडताना भिंतीतलं बटण खाली केलं.

तुला माहीत आहे माझी सवय. माणूस खोलीबाहेर, तर बटण खाली. तूच केवढी चिडायचीस, "आई, मी इस्त्री करत होते, नुसता दोरा आणायला गेले तर इस्त्री थंड!" चाळीस वर्षं बोट आपोआप जातं, डोक्याला विचारत नाही. दोन पावलं पुढे गेले आणि लक्षात आलं. मागे फिरून बटण वर केलं. पण गेलेलं परत येतं का? बैल गेला नि झोपा केला.

ती डोकं पुसत आली तर काळा पडदा. वर एकच ओळ, ग्रब रेस्क्यू, आणि पुढे एक बारीक काठी लुकलुकतेय. तिने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "रेस्क्यू म्हणजे वाचवणारे ना? मग बरंय." ती म्हणाली, "म्हणजे आपलं आपण वाचा." मग तिने विचारलं, "आजी, मध्ये लाइट गेली होती का?"

मी म्हटलं, "गेली असेल."

झालं. तिथून सगळं घसरलं. ना विंडोज, ना लिनक्स. घर का ना घाट का. ती काठी लुकलुकतेय आणि ही पोर मोबाइलवर वाचून तिच्यापुढे काहीबाही लिहितेय. कंसात डिस्कचं नाव लिहायचं, एन्टर. "अननोन." दुसरं नाव, एन्टर. "अननोन." तो शब्द मला पाठ झाला. अर्थ विचारला तर म्हणाली, "ओळखत नाही." मी म्हटलं, स्वतःच्याच पोटातलं ओळखत नाही? तर एकदम उसळली, "आजी, प्लीज, थोडा वेळ गप्प बस." मी गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं ते तू जाणतेस.

गुरुवारी ती कॉलेजात गेली, कोणाची मदत मिळते का बघायला. लॅबच्या बाई म्हणाल्या, शनिवारी घरी येऊन बघते. गुरुवारचं राहू दे. शुक्रवारी तिने जेवणाचं ताट सरकवलं आणि बापावर ओरडली. बाप म्हणजे तुझा नवरा, माझा मुलगा. बाटल्यांच्या कारखान्यात राहून त्याच्याही तोंडाला बूच लागलंय. तो म्हणाला, "नवा घेऊ." ती म्हणाली, "बाबा, लॅपटॉप नकोय मला, त्याच्या आतलं हवंय!" तो उठून बाहेर गेला, कुंपणाशी उभा राहिला आणि रडवेल्या चेहऱ्याने परत आला.

आतलं म्हणजे काय ते सांगते, म्हणजे तुला कळेल की हा नुसता कॉलेजातला हट्ट नाही. ती सात महिने दर शनिवारी बापाबरोबर कारखान्यात जात होती. जुन्या लाइनच्या मशीनांना बारीक माईक चिकटवायची आणि त्यांचे आवाज टिपायची. बेअरिंग मरायच्या आधी कसं कण्हतं ते म्हणे कॉम्प्युटरने ओळखायचं, म्हणजे माणसाला आधीच कळेल. बाप नुसता कान लावून सांगायचा, "हे आठवडाभर टिकेल," आणि ती लिहून घ्यायची. दोघं घरी यायची ती ग्रीस लागलेली, हसत. तुझ्यामागे त्या दोघांना एकत्र हसताना मी त्या शनिवारांनाच पाहिलं. गेल्या महिन्यात ती जुनी लाइन सोडवून भंगारात घातली. म्हणजे पुन्हा टिपू म्हटलं तरी टिपायला मशीनच नाही. आणि येत्या शनिवारी बाहेरचे परीक्षक येणार.

तू म्हणशील, दुसरीकडे ठेवलं नव्हतं का? ठेवलं होतं ना. सी मधलं सगळं नीट डी मध्ये ठेवलं होतं, आणि निवांत होती. काल ते ऐकून लॅबच्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, डी म्हणजे त्याच कपाटाचा खालचा कप्पा! कपाटच पडलं तर वरचा काय नि खालचा काय?"

तर काल. बाई टेबलाशी बसल्या. भिंगरीने लॅपटॉपवाल्याला पाहिलं आणि म्हणाली, "हे कोण?" मी म्हटलं, "रस्त्याने जात होते, चहाला बोलावलं." तो म्हणाला, "माझं लॅपटॉपचं दुकान आहे, कोपऱ्यावर." ती म्हणाली, "मग बरं झालं, थांबा." आणि तो थांबला! मी तीन वेळा म्हटलं, दुकान उघडायचं असेल तुम्हाला. तो म्हणाला, "आज उशिराच उघडतो." चार कप चहा प्यायला मेला.

बाईंनी आपला पेन ड्राइव्ह लावला आणि काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ लिहीत गेल्या. ना पुस्तक, ना मोबाइल. मध्ये एकदा म्हणाल्या, "इन्स्टॉल अर्धवट तुटलंय. मशीन सुरू करणारा बूटचा भाग लिहायचाच राहिला. वीज गेली होती का?" भिंगरी म्हणाली, "हो, आजी म्हणाली." मी कप विसळायला गेले.

पाऊण तासाने लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि काय सांगू! पडद्यावर दोन ओळी. वरची लिनक्सची, खालची विंडोजची. मी टाळ्याच वाजवल्या. वरची ओळ दाबली, उघडलं. भिंगरीने बाईंचा खांदा एवढा आवळला की त्यांचा चष्मा सरकला. मग खालची दाबली.

निळं पान. त्यावर लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस आकडी नंबर घाला.

कसला नंबर, कुठला नंबर! बाई म्हणाल्या, या लॅपटॉपमधलं सगळं कुलूपबंद असतं, तुम्हाला कधी कळलंही नसेल. रोज ते आपोआप उघडतं, कारण आत एक चिप असते, ती गुपचूप उघडून देते. पहारेकरी बदललेला दिसला की ती बिचकते. त्यांनी पहारेकऱ्याला परत कामावर घेतलं. तरी निळं पान. चार वेळा करून पाहिलं, निळंच. मग त्यांनी आतल्या कुठल्याशा पानावर जाऊन पाहिलं आणि खुर्ची मागे ढकलली. "ही चिपच पुसलेली आहे. अशी आपोआप पुसली जात नाही, आधी विचारतं. कोणीतरी 'हो' म्हटलंय."

भिंगरीने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. म्हणाली, "मीच असेन. बुधवारी घाबरून मी काय काय दाबलं ते मला आठवत नाही. मी अशीच आहे. हातात आलेलं सगळं मोडते. उगाच नाही माणसं मला सोडून..." वाक्य पुरं केलं नाही.

लॅपटॉपवाल्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी साखरेच्या डब्यात पाहिलं. तो म्हणाला, "मशीन आहे ताई. होतं असं कधी कधी." एवढंच. त्याला मी मघाशी मेला म्हटलं, ते खोडत नाही, पण माणूस वाईट नाही.

आता गुरुवार लिहायलाच हवा.

गुरुवारी ती बाहेर पडली तशी मी चपला घालून कोपऱ्यावर गेले आणि त्याला घरी आणला. तिने सांगितलं होतं, दुकानात कोणाला दाखवायचा नाही, ते पुसून टाकतात. पण मला वाटलं, बटण मी खाली केलं, तर निस्तरायचंही मीच, ती यायच्या आत. म्हणजे कोणाला काही सांगायला नको. त्याने स्क्रूड्रायव्हरने मागचं झाकण उघडलं, लावलं, मग आतली पानं उघडली आणि म्हणाला, "सगळं मूळ सेटिंगला नेऊन बघतो." मध्ये एक प्रश्न आला पडद्यावर. त्याने मला नीट वाचून दाखवला, तो काही चुकला नाही. "आजी, हे विचारतंय, सुरक्षेची चिप पुसू का. पुसली तर कुलूपबंद माहिती उघडणार नाही. तुमच्याकडे काही कुलूपबंद आहे का?"

मी म्हटलं, "आमच्याकडे कसलं आलंय कुलूपबंद? आमचं सगळं उघड्यावर. दाबा, दाबा, हो म्हणा."

त्याने दाबलं. ती काठी काही हलली नाही, तशीच लुकलुकत राहिली. तो म्हणाला, जमत नाही, आणि गेला. स्क्रूड्रायव्हर राहिला.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. आणि पोर म्हणतेय, मी मोडलं.

अजून मुख्य राहिलंय. हात दुखतोय, चहा पिऊन येते.

आले. बाई म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही, तो नंबर कुठेतरी जपलेला असतो. ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला आणि आपलं नाव घातलं, त्याच्या ईमेलच्या खात्यात. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कोणी सुरू केला? मग मीच म्हटलं, हिच्या आईने. तिच्या शिवणाच्या मापांसाठी घेतला होता.

बाई म्हणाल्या, "मग सोपं आहे. आईला फोन कर, पाच मिनिटांचं काम."

भिंगरी म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"तिला विचारायचं नाही. जाऊ दे सगळं. मी एक वर्ष परत करीन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी चिठ्ठीवर सगळं लिहून दिलंय, ती सोबत ठेवते. तुझ्या मोबाइलवरून ईमेलच्या खात्यात जायचं, तुझ्या नावावरच्या मशीनांमध्ये हा दिसेल, त्याच्याखाली नंबर. सहा सहा आकड्यांचे आठ गट. निळ्या पानावर आठ अक्षरांची एक खूण आहे, तीही चिठ्ठीत लिहिलीय, ती जुळली पाहिजे. फोनवर सांगू नकोस. तू अठ्ठेचाळीस सांगशील आणि मी सत्तेचाळीस लिहीन.

तू विचारशील, मुलगी मागत नाही तर मी का देऊ? दोन वर्षं तिने तुझा एक फोन घेतला नाही. तुझ्या भाचीचं लग्न, तुझं आजारपण, काही नाही. तुला वाटत असेल, लेक दगडाची निघाली. ती दगडाची नाही. तिला मी दगड केलंय.

तू गेलीस तो दिवस. तुला त्या गणवेशाच्या कारखान्यात शिवण विभागाची मुख्य केलं होतं, आणि या घरात तुला कोणी चांगलं झालं म्हटलं नाही. नवऱ्याने नाही, मी तर नाहीच. तिची परीक्षा होती त्या दिवशी, चार वाजता यायची होती. तुझी बस बाराची. तू ती सोडलीस. दोनची सोडलीस. स्वयंपाकघरात त्या लाकडी स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसलीस, आणि मी भाजी निवडत तुझ्याकडे पाठ करून बसले. साडेतीनची शेवटची होती. निघताना तू मला म्हणालीस, आणि मला शब्द न् शब्द पाठ आहे, "आई, तिला सांगा, मी तिच्यासाठी दोन बस सोडल्या. आणि सांगा, तिकडे खोली दोघींची घेतलीय. तिला यायचं असेल तर कधीही."

मी मान हलवली.

ती चार वाजता आली. दप्तर टाकून विचारलं, "आई?" मी म्हटलं, "दुपारीच गेली." ती म्हणाली, "थांबली पण नाही?" आणि मी म्हटलं, "तिला कामाची घाई होती."

का म्हटलं? तू एक गेलीस तर घर अर्धं झालं होतं. दोघींची खोली म्हटलं असतं तर तीही संध्याकाळच्या गाडीला बसली असती. मग या घरात मी आणि बूच लावलेला एक मुलगा. मला एकटीला बोलायला कोण? मी स्वतःशी म्हटलं, उद्या सांगीन. दुसऱ्या दिवशी ती रडत होती, म्हटलं, शांत झाली की सांगीन. ती शांत झाली, मग वाटलं, आता शांत झालीय, कशाला? असे सातशे दिवस गेले गं. सोपं नव्हतं म्हणणार नाही. सोपं होतं. रोज थोडं थोडं सोपं होत गेलं.

काल ती म्हणाली, उगाच नाही माणसं मला सोडून जात, तेव्हा मी साखरेच्या डब्यात तोंड खुपसलं. खरं तर तेवढ्यामुळेच मी आज लिहायला बसले.

तिला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहिते, मग बघू, असं वाटलं होतं.

सोमवार, सकाळ.

पाकीट डकवलं होतं, ते कडेने उघडून हे पुढे लिहितेय.

काल संध्याकाळी तिला सांगितलं. बटण, लॅपटॉपवाला, सगळं. तिथपर्यंत ठीक होतं. एकदा तर म्हणाली, "आजी, तू पण ना." मग स्टुलावरचं सांगितलं. दोन बस, दोघींची खोली.

ती म्हणाली, "दोन वर्षं, आजी?"

मी म्हटलं, "हो."

"मी तिच्या वाढदिवसाला फोन कापला. तू समोर बसली होतीस. शेंगा सोलत होतीस. तू बघत होतीस."

"हो."

"आणि काही बोलली नाहीस. तू! तू दूधवाल्याशी अर्धा तास बोलतेस!"

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटतं. लोक म्हणतात तसं. काही हलकं वाटलं नाही. ती खोलीत गेली आणि दार लावलं, आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. तुझा नवरा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस, आई." दोन वर्षांत एवढं लांब वाक्य तो माझ्याशी बोलला नव्हता, आणि बोलला ते हे.

आज सकाळी मी उठायच्या आधी भिंगरीने चहा करून झाकून ठेवला होता. बिनसाखरेचा. मी तसाच प्यायले.

मी म्हटलं, "मग आता तरी फोन कर तिला." ती म्हणाली, "काय बोलू? दोन वर्षं उचलला नाही, आणि आता नंबर हवाय म्हणून करू? तिला काय वाटेल?" मग तिची नजर टेबलावरच्या पाकिटावर गेली. मी पत्ता लिहून ठेवला होता, कारखान्याच्या वसतिगृहाचा. तिने पाकीट उचललं, वाचलं, आणि म्हणाली, "इथे राहत नाही ती. गेल्या वर्षीच घर बदललं."

आणि पेन घेऊन तिने माझी ओळ खोडली आणि नवा पत्ता लिहिला. घर क्रमांक, मजला, शेजारच्या औषधांच्या दुकानाची खूण, सगळं. कुठे बघायला गेली नाही. तोंडपाठ.

मला तू नवं घर सांगितलं नव्हतंस आणि मी कधी विचारलं नव्हतं. तिला कसं माहीत ते मी विचारलं नाही. या घरात एक गोष्ट तरी मी न विचारता ठेवते.

मी म्हटलं, "आत एखादी ओळ लिही ना." ती म्हणाली, "तू लिहिलंयस ना दहा पानं? पुरे." आणि लिनक्स उघडून बसली. ते एक चालतंय. अर्धं मशीन चालतंय म्हणून त्यातच काहीतरी करतेय, आवाजांशिवाय. रिकाम्या ताटात चमचा फिरवावा तसं.

हे पत्र समोरचा टँकरचा ड्रायव्हर उद्या पहाटे तुझ्या गावाला घेऊन येतोय. बुधवारी दुपारी तो तिकडून निघेल. नंबर त्याच्याकडे दे. कागद भिजायला नको, एवढं बघ. माझ्यावरचा राग त्या अठ्ठेचाळीस आकड्यांवर काढू नकोस, ते तिचे आहेत. मला काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस. मी समजेन, किंवा समजणार नाही, पण गप्प बसेन.

आणि निरोप राहिला होता तो दिला, इतक्या उशिराने. तुझ्या लेकीला आता माहीत आहे की तू तिच्यासाठी दोन बस सोडल्यास. तिला यायचं असेल तर कधीही, हेही माहीत आहे. तिने जायचं ठरवलं तर मी पाठ करून बसणार नाही.

दोन वर्षं तोंड उघडलं नाही ती,
तुझी सासू

ता. क. लॅबच्या बाई आणि लॅपटॉपवाला, दोघंही, तोवर नंबर येईल या भरवशावर, गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा येतो म्हणून गेलेत.